आयेच्या मानपत्रातल्या रेघा

संगणकावर मराठी टाईप करणारा आमच्या घरातला मी पहिला माणूस, आणि त्याचा पहिला फटका माझ्या आयेला बसला.

आये म्हणजे माझी आई, पार्वतीबाई. चाळीस वर्षं मालवणहून सकाळच्या एसटीने कट्टा गावच्या बाजारात जाऊन मासे विकणारी. तिच्या त्या माशांच्या पाटीच्या जिवावर मी शिकलो आणि शाळेच्या ऑफिसात कारकून झालो. दोन हजार तीनच्या सुमारास कट्ट्याच्या बाजारकरांनी तिचा सत्कार ठरवला. मानपत्र कोण तयार करणार? अर्थात मी! अभिमानाने छाती अशी फुगली, की शर्टाचं वरचं बटण सोडावं लागलं!

मजकूर झकास जमला. (आधी 'इसवण' लिहिलं होतं, पण मानपत्राला शोभावं म्हणून तिची 'सुरमई' केली.) दोन्ही कडा सरळ केल्या, तर शब्दाशब्दांमध्ये भगदाडं पडली. शोधता शोधता मेनूत 'हायफनेशन' सापडलं. ओळीत न मावणारा शब्द मध्येच तोडायचा, आडवी रेघ द्यायची आणि उरलेला तुकडा खालच्या ओळीत ढकलायचा! टिचकी मारली. भगदाडं गायब! त्या आनंदात मजकूर मी चार वेळा पाहिला. वाचला मात्र एकदाही नाही!

(आमचा फाँट म्हणजे इंग्रजी अक्षरांना घातलेला मराठी सदरा होता. संगणक बिचारा इंग्रजी समजूनच शब्द तोडत होता. हे ज्ञान मला पुढे झालं!)

बायकोने तेवढं विचारलं, "अवो, ह्यो कडेक रेघो कसल्यो?"

"हायफन म्हणतात त्याला. छापील पुस्तकांत असतात."

"पण वाचताना अडाकला तर?"

"तुका नाय कळाचा!" असं म्हणून मी कागद फ्रेम करायला दिला.

सत्काराला सगळा बाजार लोटला. आये नव्या लुगड्यात व्यासपीठावर. मानपत्र वाचायला निवृत्त हेडमास्तर परब गुरुजी. स्वल्पविरामाला न थांबणाऱ्या मुलाला त्यांनी जन्मभर बाकावर उभं केलेलं. रेघ दिसली की ते थांबणार म्हणजे थांबणारच!

"आपल्या पाटीतली ताजी सुर..." गुरुजी थांबले. गुरुजी आता गाणार, असं वाटून लोक सावरून बसले. "...मई!"

थोडी खसखस पिकली. मी कपाळावरचा घाम पुसला. गुरुजी पुढे सरकले.

"सत्कार समितीचे अध्यक्ष, माननीय श्री. चोर..."

मागून एक आवाज आला, "गुरुजींका ह्या कोणी सांगल्यान?"

"...गे!" गुरुजींनी आडनाव पुरं केलं, पण हशात ते ऐकलं कोणी? चोरगेसाहेब उकडलेल्या कुर्ली खेकड्यासारखे लालबुंद! बायको माझ्याकडे बघत होती. मी फ्रेमकडे. शेवटची ओळ काय होती, ते मला आठवलं. "गुरुजी, बस झालं!" असं ओरडायला मी उठलो, तोवर उशीर झाला होता.

"पार्वतीबाई, आपले स्..." गुरुजींनी दीर्घ श्वास घेतला. "...मरण आम्हां सर्वांना सदैव आनंद देईल!"

हसूही थांबलं. 'स्मरण' हा शब्द पुसला गेला आणि मागे उरलं नुसतं मरण! मी धडपडत व्यासपीठावर गेलो. "चूक माझी आहे," एवढंच बोललो. चाळीस वर्षं राबलेल्या बाईला तिच्या मुलाने दिलेलं हे मानपत्र!

आये उठली. माईक तिने आयुष्यात पहिल्यांदा धरला.

"गुरुजीनू, माज्या मरणाची इतकी घाई कित्याक? आजून पाटयेत बांगडे आसत, ते इकून जातंय!"

अख्खा बाजार खदखदून हसला. मग ती अध्यक्षांकडे वळली.

"चोरगेसायबानू, रागावू नकात. माजो झील तो. तेका मासो कापूक शिकयलंय, पण शब्द कापूक शिकवूचा ऱ्हवला. कापूचा तर सांध्यार कापूचा, मदीच नाय!"

टाळ्या थांबेनात. चोरगेसाहेबही हसले आणि त्यांनी स्वतः उठून तिला शाल पांघरली. ज्या बाईचा सत्कार होता, तिने आपल्याच तोंडाने तो जिंकून घेतला. खाली बसताना तिने माझ्या पाठीवर हात ठेवला. म्हणाली, "अक्षर मात्र बरा आसा हां!" (संगणकाचं अक्षर!)

दुसऱ्या दिवशी मी रेघा काढून शुद्ध प्रत आणली. आयेने ती बघितलीसुद्धा नाही. "होच ऱ्हवांदे," म्हणत तिने जुनाच कागद ओटीवर लावला. अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला बोट दाखवून सांगते, "माज्या झिलान लिवल्यान!" माणसं वाचतात आणि पोट धरून हसतात. मीही कौतुकाने मान डोलावतो. आयुष्यात माझं लिखाण इतकं कधी गाजलं नाही, आणि त्यातला एकही विनोद माझा नाही!