विरोधात कोणी?

आमच्या तालुक्याच्या पक्षमेळाव्यात ठराव मंजूर होताना मी नेहमी हातांकडे बघत बसतो. पुढच्या रांगेतले हात ताठ वर जातात, मधले पुढच्यांचं बघून जातात, आणि मागचे चहाचा कप सांभाळत कोपरापर्यंतच उठतात. परवा मंगल कार्यालयात ठराव होता तो उमेदवार ठरवण्याचे सर्व अधिकार वरिष्ठांना देण्याचा. दरवेळी हाच असतो. माझाही हात वर गेला, पण तो मी उचलला असं काही म्हणवत नाही. देवळात शिरताना घंटेकडे जातो ना, तसा आपसूक गेला.

“विरोधात कोणी?” कागदाची घडी घालत अध्यक्षांनी विचारलं. हा प्रश्न उत्तरासाठी नसतोच. पण महिला आघाडीच्या सुमनताईंचा हात वर होता.

“ताई, हात खाली घ्या. आता विरोधवाल्यांना विचारतोय.”

“म्हणून तर वर केलाय,” त्या म्हणाल्या. “दारोदार आम्ही फिरायचं आणि उमेदवार मात्र वरून यायचा?”

अध्यक्षांनी घातलेली घडी उलगडून कागद पुन्हा पाहिला. इतक्या वर्षांत या प्रश्नापुढचं वाक्य त्यांना कधी लागलंच नव्हतं. एवढ्या हातांत स्वतः ठरवून वर आलेला हा एकच असेल का, असं माझ्या मनात आलं.

तेवढ्यात शेजारी बसलेले, पक्षात केस पिकवलेले अण्णा माझ्या कानाशी लागले.

“काय हो, हा हातही मोजतात का?”