छातीतली नस, पायातली नस

धाकट्या बहिणीच्या नवऱ्याचं बायपास होतं तेव्हा मी देवाला हात जोडले, आणि तो धडधाकट घरी आला तेव्हा त्याच देवाशी भांडले. माझ्या नवऱ्याचं हेच ऑपरेशन काही वर्षांपूर्वी झालं होतं. हृदय थांबवलं, मशीनवर ठेवलं, पायातल्या नसा काढून छातीत बसवल्या. घोट्यापासून गुडघ्यापर्यंत चीर, पाय संध्याकाळी अजून सुजतो. आणि हिच्या नवऱ्याचं सगळं हृदय चालू ठेवूनच केलं. मशीन नाही, पायाला ब्लेड नाही, छातीतल्याच दोन नसा वळवून जोडल्या. जन्मभर गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरणारा हा माणूस, आणि माझा सुपारीचं खांडही तोंडात न टाकणारा!

बहीण फोनवर म्हणाली, "बाई, डॉक्टर सांगत होते, छातीतली नस लय साल टिकते. पायाची लवकर बुजते."

तिला टोचायचं नव्हतं, पण मला टोचलं. साडीवरून, दागिन्यांवरून, तिच्या पिकल्या धानावरून मी कधी तिच्यावर जळले नव्हते. आता तिच्या नवऱ्याला मिळालेल्या वर्षांवरून जळायला लागले.

वर्षभरात दरेकशाला, माझ्या माहेरी, भाचीचं लग्न निघालं. आमच्याकडे मांडव जावई घालतात, आणि पहिला खांब मोठा जावई रोवतो. आमच्या गावाहून, मुर्रीहून, आम्ही पोहोचलो तर धाकटे जावई शर्टाची वरची बटणं उघडी टाकून, छातीवरची खूण मिरवत, जंगलातून डहाळ्या आणणाऱ्यांना हुकूम सोडत होते.

भाऊ मला म्हणाला, "बाई, भाऊजीले कायले तकलीफ? लहान जावई करून राहिले ना."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. म्हणजे माझा नवरा बाद, आणि तेही हिच्या नवऱ्यासमोर!

नवरा म्हणाला, "राहू दे ना. कोणी बी रोवला तरी मांडवच होते."

"मान मोठ्याचा आहे," मी म्हणाले. "उठा."

तो उठला. सब्बल घेऊन खड्डा खणायला लागला, आणि थोड्याच वेळात छातीवर हात ठेवून मातीतच बसला. घामाने सदरा भिजला होता. धाकट्या जावयांनीच त्याला गाडीत घालून गोंदियाला नेलं, तिथून नागपूरला. बहीण माझ्या शेजारी बसून होती.

तपासणी करून डॉक्टर बाहेर आले. "पायातली एक नस बंद झालीय. पण छातीतली उत्तम चालू आहे, हृदयाचा मोठा भाग तीच सांभाळतेय. सध्या औषधं वाढवून भागेल."

"छातीतली? आमच्या यांना?"

"तेव्हाच जोडलेली आहे. सोबत पायातल्या घेतल्या होत्या."

इतकी वर्षं मी पायाची चीर बघत बसले होते. छातीत आत काय जोडलं, हे कधी विचारलंच नव्हतं. मी तिथेच उभ्या उभ्या रडले. डोळे पुसले, आणि लगेच मनात आलं, आमची एकच, हिच्याकडे दोन.

बाहेर बाकावर बहीण बसली होती. मी जरा तोऱ्यातच सांगितलं, "आमच्या यांनाही छातीतली आहे."

ती हसलीही नाही. "बाई, तू नसा मोजून राहिली," ती म्हणाली. "ऑपरेशन झाल्यावर तुले भाऊजीसंगं इतके साल भेटले, ते मोज ना. माह्याजवळ का आहे? नुसती डॉक्टरची बात. रोज सकाळी उठलो का पयले माह्या माणसाचा श्वास पाहतो मी. तुह्यावर जळून राहिलो, बाई."

जळायचं काम माझं एकटीचं, असं मी धरून चालले होते. ती हुंदके द्यायला लागली. मी तिला जवळ घेतलं, पाठीवरून हात फिरवला, मोठ्या बहिणीने करावं ते सगळं केलं. पण खरं सांगते, तिच्या पाठीवरून हात फिरत होता आणि माझ्या पोटात बऱ्याच दिवसांनी थंड वाटत होतं. तिच्याकडे नाही असं काहीतरी माझ्याकडे होतं.