शिसं आणि फोडणीची पळी

१४ मार्च १९८६, शुक्रवार. छापखान्याला सुटी होती, म्हणून कळव्याच्या घरी पडवीत जवळा निवडत बसले होते. समोर सासरे जाळं दुरुस्त करत होते. आत ठाकुर्लीची नणंद आमटीचं झाकण उचलून वास घेत होती. ती का आली होती, मला ठाऊक होतं. सून जेवणात काहीतरी घालते, असं सासरे आळीभर सांगत सुटले होते.

वर्षभर त्यांना धड झोप नव्हती. खाडीवर जायला निघत आणि वाट चुकून परत येत. वस्तू स्वतःच कुठेतरी ठेवून विसरायच्या, चोरीचा आळ माझ्यावर. नवरा म्हणे, वय झालं. मला संशय दारूचा. मीही त्यांच्या तांब्याचा वास घेतला होता. पाणीच होतं.

नणंदेने बाहेर येऊन विचारलं, जेवलात का. ते नुसते ‘हूं’ म्हणाले. मग गालातून शिशाचा तुकडा काढून त्यांनी जाळ्याला वजन म्हणून दोरीवर बसवला आणि दातांनी आवळला. शिंपी तोंडात टाचण्या धरतो तसंच ते, म्हणून मी कधी मनावर घेतलं नव्हतं. पण छापखान्यात मी अक्षरांचे खिळे जुळवायचे, तेही शिशाचेच. खिळा तोंडात धरला की फोरमन ओरडायचा, हात धुतल्याशिवाय डबा उघडू द्यायचा नाही. शिसं डोक्यात जातं, म्हणायचा.

“बाबा, हे शिसं कुठून आणता?”

“जुन्या बॅटऱ्या फोडतो. मागं चुलीवर वितळवतो.”

“कशात?”

“तुज्या फोडनीच्या पलीत. धुवून ठेवतो ना परत.”

नणंद माझ्याकडे वळली. “म्हणजे तू घालतच होतीस की,” ती म्हणाली. खोटं नव्हतं. त्याच पळीतली फोडणी माझी मुलंही खात होती.

मी आमटी ओतून दिली. सासरे चिडले, चांगलं अन्न टाकते, बघ, म्हणून त्यांनी लेकीला साक्षीला बोलावलं. या वेळी तिने त्यांची बाजू घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी रजा टाकली आणि सासरे, दोन्ही मुलं यांना घेऊन ठाण्याच्या सरकारी दवाखान्यात रांग लावली. पिशवीत पळी होती. डॉक्टर विचारतील म्हणून सासऱ्यांना विचारून घेतलं, शिसं तोंडात किती वर्षं धरताय? ते बराच वेळ आठवत राहिले. मग त्यांनी मलाच विचारलं, आपण इथं कशाला आलोय?