वेलची समजून

महालक्ष्म्यांच्या नैवेद्याच्या पुरणात मी दोन चमचे हिंग घातला. वेलची समजून. तेव्हा मी फक्त एकोणसत्तर वर्षांची होते; अक्कल यायचं वय अजून व्हायचं होतं.

त्याच्या पाच महिने आधी मला कोविड होऊन गेला होता. म्हणजे रिपोर्टातून गेला होता, अंगातून निघायला तयार नव्हता! दौलतगंजातल्या आमच्या जिन्याच्या सातव्या पायरीवर मी धापा टाकत बसायचे आणि कुणी आलं की पदरानं पायरी पुसायला लागायचे. समोरच्या बाईंचं नाव आठवेना, म्हणून त्यांना नुसतं "अहो ताई" म्हणायला लागले. (त्या खूश! आमचं जुनं भांडण मिटलं असं त्यांना वाटलं.)

पण खरं दुःख नाकाचं होतं. वास म्हणून येत नव्हता. आणि नैवेद्याचा स्वयंपाक तर देवाच्या आधी चाखायचा नसतो, सगळा कारभार नाकावर! नाक नाही म्हणजे यंदाचं सोवळं सुनेकडे. सून प्रज्ञा मुरैन्याची, हिंदी घरातली. बारा वर्षांत मराठी शिकली आणि पोळी माझ्यापेक्षा पातळ लाटते. (हे मी आज पहिल्यांदा कबूल करतेय.) तिच्या हाती स्वयंपाक गेला की तो परत येत नसतो, हे मला पक्कं माहीत होतं. मीही माझ्या सासूबाईंकडून तो तसाच घेतला होता.

डॉक्टरांनी सांगितलं होतं, रोज दोनदा चार वास घ्या, हळूहळू ओळख परत येईल. प्रज्ञा मला डोळे मिटायला लावून नाकाशी एकेक डबी धरायची. लवंग, कॉफी, संत्र्याची साल, कापूर. क्रम रोज तोच! ज्या डोक्याला शेजारणीचं नाव सापडत नव्हतं, त्यानं हा क्रम मात्र चोख पाठ केला.

"आई, ये वाला?"

"संत्रं!" मी खोल श्वास घेऊन. वर आणखी, "जरा सुकलंय वाटतं."

"अरे वा! आई, तुम्ही तर एकदम ठीक झाल्या!"

तिनं आमच्या साऱ्या लश्कर भागात फोन करून ही बातमी दिली. मी पास! सोवळं माझं! स्वयंपाकघरात शिरल्यावर मी पहिलं काम काय केलं, तर माझ्या आजारपणात तिनं डब्यांवर चिकटवलेल्या चिठ्ठ्या खरवडून काढल्या. "चाळीस वर्षं मी डबे वासावर ओळखते. मला काय चिठ्ठ्या?"

सणाच्या दिवशी पुरण शिजत आलं. दोन सारख्या डब्या, दोन्हींत भुरकट पूड. मी एकीला नाक लावलं. काही नाही. दुसरीला लावलं. तिथेही काही नाही. मग अनुभवानं ठरवलं. (अनुभव म्हणजे जवळची डबी!)

बाहेरून प्रज्ञा म्हणाली, "आई, हिंगाचा काय मस्त वास सुटलाय! कटाची आमटी झाली का?"

"झालीच!" मी म्हटलं. आमटीला अजून हातही लावला नव्हता. तरी डोक्यात काही पेटेना.

नैवेद्य झाला. पानं वाढली. पहिला घास माझ्या नणंदेनं, मालूवन्संनी घेतला. त्या चावायच्या थांबल्या. मग शेजारच्या सवाष्णीही थांबल्या. मग अख्खी पंगत.

"का गं प्रज्ञा," वन्सं म्हणाल्या, "तुमच्या मुरैन्यात पुरणाला हिंग लावतात का? बारा वर्षं झाली, अजून आमचं वळण नाही पडलं?"

सगळ्या हसल्या. सोवळ्यातल्या पुरणाला प्रज्ञानं बोटही लावलं नव्हतं. तिनं माझ्याकडे पाहिलं. मी समोरच्या रांगोळीकडे पाहिलं. फार सुरेख रांगोळी होती, मी बराच वेळ पाहत राहिले.

"सॉरी आत्या," ती म्हणाली, "मेरे से ही कुछ हो गया होगा." आणि पदर खोचून पटकन शिरा करायला उठली. तो शिराही उत्तम झाला, ही आणखी एक कबुली!

वन्सं दोन वाट्या शिरा खाऊन आणि सुनेला वळणाचे चार शब्द ऐकवून निघून गेल्या. जिन्यापर्यंत पोचवताना तरी बोलायचं होतं. मी म्हटलं, "सांभाळून उतरा."

संध्याकाळी प्रज्ञा पुरणाचं पातेलं घासत होती. मी तिच्यामागे उभी राहून सगळं ओकले. डब्यांचा पाठ केलेला क्रम, खरवडलेल्या चिठ्ठ्या, न येणारा वास. डोळ्यांत पाणीबिणी आणून. मला वाटलं, आता ही हात धुऊन माझ्या गळ्यात पडेल.

ती वळलीसुद्धा नाही. पातेलं घासत म्हणाली, "आई, वास नाही येत, ठीक आहे, ते तर डॉक्टर बघतील. पण आत्या मला बोलत होत्या, तेव्हा ऐकू तर येत होतं ना?"