फरशीवरचा सरस

१२ नोव्हेंबर १९५६. सकाळी सहा वाजता लोणी भापकरच्या आमच्या दारातून बैलगाडी हलली. गाडीत आई, पत्नी वत्सला, दोन ट्रंका आणि जाते. सणसरच्या बाजूला एका साखर कारखान्यात मला कारकुनी मिळाली होती व नोकरीसोबत राहण्यास क्वार्टर. गावी राहिलेल्यांना आणि परदेशी स्थायिक झालेल्या माझ्या नातवंडांना हे अंतर हसण्यासारखे वाटेल. बारामतीला मोटार धरली की दुपारच्या आत मुक्काम. तरीही ते स्थलांतरच होते.

आई माळकरी. गाव सोडण्यास तिची एकच अट होती: "सैपाकघर निर्मळ पायजे. न्हायतर मी हितंच बरी."

क्वार्टर मी आठवडाभर आधी पाहून आलो होतो. ओट्यामागे पांढऱ्या चिनी मातीच्या फरशा होत्या. आधीच्या भाडेकरूने त्यांवर चित्रे चिकटवून जाताना ओरबाडून नेली होती. तपकिरी थर तसाच वाळला होता. तो गृहस्थ सुतारखात्यातला. शेजारी म्हणाले, "सरसानं डकवलीत, राव. भिंत पडंल, पन त्ये निघायचं न्हाय." सरस जनावरांच्या कातड्याहाडांचा करतात. आईला मी सांगितले, कणकेची खळ आहे. ते ऐकून ती यायला तयार झाली.

पोहोचताच मी खुरपे घेऊन भिडलो. थर काचेसारखा कठीण होता. दोन फरशांवर ओरखडे उठले. सरस जागचा हलला नाही. वत्सला मागे उभी होती.

"हरळी हाय व्हय ती खणायला? आधी भिजवा की."

तिने शेजारणीकडून कढत पाणी आणले. जुनी फडकी त्यात बुडवून आम्ही फरशांवर थापली. अर्ध्या तासात थर मऊ पडला आणि बांबूच्या कांबीने सालीसारखा सुटू लागला. त्याबरोबर वास सुटला. वाळलेल्या सरसाला वास नसतो, हे मला ठाऊक होते. भिजलेल्याला असतो, हा विचार मी केला नव्हता.

आई दारात जोंधळे निवडत होती. तिने सूप खाली ठेवले.

"ही खळ न्हाय."

मी कांब ओट्यावर ठेवली.

"तुला ठावं हुतं?"

"होय."

"सांगितलं असतंस तर मी सोता घासला असता. मागनं डोक्यावरनं पानी घेतलं असतं, झालं."

नंतर मी राखेने आणि सोड्याने फरशा चार वेळा धुतल्या. त्या लखलखीत झाल्या. आईने तिकडे पाहिले नाही. परतीच्या मोटारीची वेळही विचारली नाही.

ती तिथे अकरा वर्षे राहिली. दुसऱ्या दिवसापासून त्याच ओट्यावर तिने भाकरी थापल्या. मात्र मी बाजारातून काहीही आणले, तूप असो वा साखर, की मला विचारून झाल्यावर ती वत्सलेला हळूच विचारी, "खरं हाय का गं?"

गावी माझ्या शब्दाला साक्षीदार लागत नसे. घर म्हणजे काय, असे बाहेर पडलेल्यांना लोक विचारतात. माझ्यापुरते उत्तर एवढेच आहे, आणि ते घर मी स्वतःच्या तोंडाने गमावले.

पोहोचलो त्या पहिल्या संध्याकाळी आई स्वयंपाकघरात गेली नाही. मी मागल्या अंगणात चुलीसाठी तीन दगड मांडले, वर पातेले ठेवून ते डुगडुगत नाही ना हे पाहिले, आणि जाळ केला.