सदारामभाऊंचा मुका पेन ड्राइव्ह

नाकाडोंगरीच्या चौकात सदारामभाऊंचं दुकान होतं. आधी कॅसेटी भरून द्यायचे, मग सीडी, शेवटी पेन ड्राइव्ह. गिऱ्हाईक काहीही मागो, भाऊ भरायचे ती नव्वदच्या दशकातली रॉक गाणीच. मोकळ्या केसांचा गायक, चामड्याचं जाकीट, धूर, आणि मागे जिवाच्या आकांताने किंचाळणारी गिटार. गाण्यातली प्रेयसी सोडून गेलेली असायचीच. एकदा भजनी मंडळाने भजनं मागितली, तर त्यांनाही शेवटी अशी दोन गाणी मिळाली. "राहू द्या जी, विसाव्याले," भाऊ म्हणाले.

त्याहून मोठी खोड म्हणजे प्रत्येक गाण्याआधी भाऊ स्वतःच्या आवाजात सूचना भरत. "आता रडाचं गाणं येऊन राहिलं. रुमाल काढा." किंवा, "हे आयकून कोनी भिताडावर डोस्कं आपटू नका, समोर खुशीचं हाय." गाण्यांचा क्रम लावायला त्यांना तीन-तीन दिवस लागत. "पयले धडाड, मंग रडारड, मंग डबल धडाड. तिखटावर तिखटच वाढलं तं मानूस पानावरून उठते ना, बाई!"

बाई म्हणजे मी. त्यांची शेजारीण, आणि दर वर्षी राखी बांधणारी बहीण. माझ्या रेश्माचं लग्न ठरलं ते नागपूरच्या घरात. मला मेलीला उगाच लाज वाटू लागली. म्हटलं, "भाऊ, गाने तुमचेच द्या, पन मंधातला तुमचा आवाज काढून टाका. पाव्हने हासतीन."

"कायले? मी का शिव्या देतो?"

"शिव्या नाही जी, पन..."

भाऊंचा चेहरा एवढासा झाला. "बरं. तू म्हनतं तं चूप राहतो."

लग्नात गाणी अगदी सुनी वाजली. सूचना नसल्याने रडारड ऐन मठ्ठ्याच्या वाटपात अवचित आली आणि वऱ्हाडातले काका जेवता जेवता गंभीर झाले. भाऊ खांबाला टेकून उभे होते. दर गाण्याआधी तोंड उघडत आणि पुन्हा मिटून घेत. मला हसू आवरेना. पोरीच्या निरोपाची वेळ झाली तसा मंडपवाल्याने साऊंड बंद केला, त्यामुळे यादी संपायची राहूनच गेली.

त्या हिवाळ्यात भाऊ गेले. झोपेतच. तेरवीला लोक आपापले पेन ड्राइव्ह घेऊन आले. कुणाकडे 'रुमाल काढा', कुणाकडे 'डोस्कं आपटू नका'. हसून हसून सगळ्यांच्या डोळ्यांत पाणी. गावात मुका पेन ड्राइव्ह एकटीच्या घरी होता, माझ्या. तोही मीच मुका करून घेतलेला. फार लागलं मला ते.

यंदा आमच्या भाताच्या रोवणीला ट्रॅक्टरवाल्याने माझ्याकडून घेऊन हाच पेन ड्राइव्ह लावला. रोवणीत बायकांचे हात कोपरापर्यंत चिखलात. गाणं बदलायला कोण उठणार? त्यामुळे यादी पहिल्यांदाच शेवटापर्यंत गेली. शेवटची गिटार थांबली. मी पऱ्ह्याची, म्हणजे भातरोपांची, पुढची जुडी हातात घेत होते, तेवढ्यात शेताच्या धुऱ्यावरच्या ट्रॅक्टरमधून आवाज आला.

"संपले गाने. बाई, सारं लगन मी चूप होतो, आता तं बोलू दे. पोरगी गेली असन. रडाचं असन तं रडून घे. रुमाल काढ."

रांगेतल्या बायका खो-खो हसायला लागल्या. मी मात्र तशीच वाकून उभी राहिले. दोन्ही हात चिखलाने भरलेले, भाऊ, रुमाल काढू कशी?