दिवेलागणीचा वास

दिवेलागणीला तो माझ्या ओट्यापाशी यायचा, तोंड उघडून माझ्या नाकाजवळ आणायचा आणि म्हणायचा, "घ्या वास, पाव्हणं. बराबर हाय का?"

हा माझ्या बहिणीचा नवरा. मला तो कधीच आवडला नाही, हे आधीच सांगून टाकतो. असा एखादा तुमच्याही गावात असेलच. औंढ्याच्या बाजाराला गेला की मोहाची पिऊन झिंगत परतायचा आणि सगळा राग बहिणीच्या पाठीवर काढायचा. शेवटी ती लेकराला घेऊन माझ्याकडे आली.

"दादा, ह्यांच्या तोंडाला वास न्हाई असं तू सांगशील, तवाच मी त्या घरात जाईन," म्हणाली. मी मनात म्हटलं, म्हणजे जन्मभर इथंच.

एका सकाळी तो बैलाचं दावं घेऊन माझ्या गोठ्यात आला. हात लटलट कापत होते.

"बांधा मला खुंट्याला."

"मीच काहून? तुमचे भाऊ हायेत की, दाजी."

"मी रडलो की भाऊ सोडतील. तुमी मला पाण्यात बघता. तुमी न्हाई सोडणार."

माणूस नालायक, पण पारख पक्की. मी गाठ चांगली आवळली. तो ओरडला, ओकला, भिंतीवर मुंग्याच मुंग्या दिसतात म्हणाला, माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केला. मी त्याच्या तोंडाला आंबील लावायचो आणि शिव्यांची परतफेड करायचो. माझा जीव निवत होता, खोटं कशाला बोलू?

थरथर थांबली तेव्हा त्याला सोडलं. त्या दिवसापासून स्वारी रोज दिवेलागणीला हजर. मी मोठ्या आशेनं हुंगायचो. वास यायचा तो कांद्याचा आणि तंबाखूचा. पोळा आला, गेला, तरी तेच. अखेर बहिणीला सांगावंच लागलं, "जा बाई." ती नांदायला गेली. हा मात्र येतच राहिला.

"आता कशाला येऊन राहिले?" मी खेकसलो.

"रोज प्यावं वाटतंय, पाव्हणं. मंग ध्यानात येतंय, आज पिलो तर सांजच्याला हा माणूस खूश हुईल. मंग न्हाई पीत."

रझाकारांच्या धामधुमीत मी घराला कुलूप लावून पैनगंगेपल्याड वऱ्हाडात गेलो. गुरं टाकून तो निघेना, म्हणून बहीणही मागं राहिली. पोलीस ॲक्शननंतर परतलो तेव्हा तिचं कपाळ मोकळं होतं. तो तापानं गेला होता.

आणि मी पहिलं काय विचारावं? "माझ्या माघारी पिला असंल ना?"



"न्हाई, दादा. रोज सांजच्याला तुझ्या बंद दाराशी जायचे. कुलपापुढं तोंड उघडून म्हणायचे, 'घ्या वास.' मगच येऊन जेवायचे. ताप चढला, तवा मी धरून नेलं."

मी घरी गेलो. किल्ली हातात होती, पण कुलपाला हात लावायला बराच वेळ धीर झाला नाही.

तो माणूस मला आजही आवडत नाही. दिवे लागले की मात्र मी ओट्यावर येऊन बसतो.